रसदीची वर्दी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर लढायला उभी राहिलेली मराठी फौज अनेक दिवसांची उपाशी होती. ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीशी असलेला संबंध तुटला. अब्दालीची रसद मारायची कामगिरी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत माणसांना दाणा नाही, जनावरांना चारा नाही. हे सगळे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तरीही मुलाला सैन्याच्या पुरवठा विभागात जागा मिळाली की आईवडिलांचे चेहरे उतरतात. ‘म्हणजे गोदामच सांभाळायचं ना?’ असे मला हमखास विचारले जाते.

अशा पालकांना मी १९७१ ची गोष्ट सांगतो. पूर्व पाकिस्तानात लगेच सैन्य घालावे, असा आग्रह एप्रिलमध्येच झाला होता. जनरल माणेकशॉ यांनी तयारीसाठी वेळ मागितला. पावसाळ्यात तिथल्या नद्या फुगतात आणि आपले सैन्य विखुरलेले होते. मग पावसाळ्यातच खरे काम सुरू झाले. त्रिपुरात मीटरगेज रेल्वे फक्त धर्मनगरपर्यंत होती. पुढे आगरतळ्यापर्यंत डोंगरातला अरुंद रस्ता. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरसाठी दारूगोळा, इंधन आणि शिधा याच वाटेने नेऊन साठवला गेला. ३ डिसेंबरला युद्ध पेटले. मेघना नदीवरचा पूल शत्रूने उडवल्यावर ९ तारखेपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान पलीकडे उतरवले. १६ डिसेंबरला ढाका पडले. त्यानंतरही पुरवठ्याच्या खात्यांना उसंत नव्हती. शरण आलेल्या सुमारे ९३ हजार लोकांना खाऊ घालून भारतातल्या छावण्यांत पोचवायचे होते. तेरा दिवसांच्या त्या विजयामागे आठ महिन्यांची ही तयारी होती, आणि ती करणारे अधिकारीच होते.

आजही लडाखमध्ये हिवाळ्याचा साठा आधीच्या उन्हाळ्यात भरावा लागतो. सियाचीनच्या चौक्यांवर रॉकेलसुद्धा हेलिकॉप्टरने जाते. अंदाज चुकला तर जवान थंडीत उघडे पडतात, एवढी जबाबदारी तिशीच्या आतल्या मुला-मुलींच्या खांद्यावर असते.

शिधा, इंधन आणि वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअरकडे असते. दारूगोळा, शस्त्रे आणि कपडे ऑर्डनन्स कोअर पुरवते, तर दुरुस्ती ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) करते. पुलगाव आणि देहूरोडची भांडारे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. मुलगा या कामाला योग्य आहे का, हे केवळ गुणपत्रिकेवरून ठरवू नका. घरच्या लग्नात बस वेळेवर आणणारा, ऐनवेळी पाहुणे वाढले तरी न गडबडणारा, हिशेब आणि नकाशा दोन्हींत रमणारा मुलगा इथे चमकतो. ज्याला आयता आदेश हवा असतो तो मात्र थकून जातो.

प्रवेशाचे मार्ग नीट समजून घ्या. बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी): भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, हवाई दल व नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. पदवीनंतर सीडीएस (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षा. भूदलात कोणती कोअर मिळणार हे प्रशिक्षणाच्या शेवटी गुणक्रम, पसंती आणि रिक्त जागा पाहून ठरते. आधी हमी कोणीच देऊ शकत नाही, देणाऱ्यापासून सावध राहा. हवाई दलात मात्र एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून लॉजिस्टिक्स शाखा थेट मागता येते. त्यासाठी पदवीला ६० टक्के लागतात. नौदलातही वेगळी लॉजिस्टिक्स शाखा आहे. मुलींना या सगळ्या वाटा खुल्या आहेत. एनडीएचे ध्येय असेल तर दहावीतच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढा. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे.

यांतल्या काही वाटांनी ठरावीक वर्षांचे अल्पकालीन कमिशन मिळते आणि त्याला निवृत्तिवेतन नसते, ही भीती रास्त आहे. पण लॉजिस्टिक्सच्या अधिकाऱ्याचे काम बंदरे, विमानतळ आणि मोठ्या गोदामांना थेट उपयोगाचे असते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी फौजेची रसद सांभाळणारे जनरल पॅगोनिस निवृत्तीनंतर सिअर्स या किरकोळ विक्रीच्या मोठ्या कंपनीत लॉजिस्टिक्सचे प्रमुख झाले.

म्हणून पालकांना एवढीच विनंती: मुलाने पसंतीक्रमात आर्मी सर्व्हिस कोअर वर लिहिली, तर ती खोडायला लावू नका.