बेल हाताशी आहे का?



घरांना आशीर्वाद देत फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. कित्येक घरांत आता फक्त वृद्ध आईवडील उरले आहेत. मुले आखातात, कॅनडात, नाहीतर मुंबईच्या लोकलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत. अशा कुटुंबांतून दबक्या आवाजात विचारले जाते, "फादर, आईला वृद्धाश्रमात ठेवले तर पाप आहे का?" आज या प्रश्नाचा विचार करू या, आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाचाही: आश्रम चांगला आहे हे ओळखायचे कसे?

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला आम्हीच एक वृद्धाश्रम सुचवला. चकचकीत फरशी, फुलांची बाग, दारात पवित्र मरियेचा पुतळा पाहून आम्ही खूश झालो होतो. तीन महिन्यांनी त्या आजींना कम्युनियन द्यायला गेलो. चादर स्वच्छ होती, केस विंचरलेले होते. मात्र उशाजवळच्या बेलची वायर गुंडाळून उंच खिळ्याला अडकवली होती. आजी रात्री फार वेळा बेल वाजवतात, असे तिथल्या मावशींनी सहज सांगितले. आजींच्या टाचेला जखम झाली होती. कुटुंबाने तक्रार केल्यावर बेल खाली आली. जखम भरायला मात्र दोन महिने लागले. आम्ही फरशी पाहिली होती, बेल पाहिली नव्हती.

सोपवणे आणि टाकणे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना व्यक्ती आणि वस्तू यांतला भेद आम्ही घोकला होता. वस्तू सुरक्षित ठेवली की काम संपते. व्यक्तीचे तसे नसते. तिला इच्छा असते, लाज असते, सवयी असतात. म्हणून आईला दुसऱ्याच्या हाती सोपवणे वेगळे आणि टाकून देणे वेगळे. प्रभू येशूने क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले. ज्या घरी रात्रंदिवस शुश्रूषा करणे खरोखर शक्य नाही, त्या घराने आईला सोपवण्यात पाप नाही. आईला तिथे ठेवून पाठ फिरवली, तर मात्र ते टाकणेच झाले.

1839 साली फ्रान्समध्ये जान ज्युगाँ या गरीब स्त्रीने एका अंध वृद्धेला आपल्या घरी आणले, स्वतःचा बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपली. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. 1882 मध्ये या सिस्टर्स कोलकात्याला आल्या, आणि 2009 मध्ये जान ज्युगाँ यांना संत घोषित करण्यात आले. त्यांच्या सेवेची सुरुवात इमारतीपासून झाली नाही, एका बिछान्यापासून झाली. आपणही पाहणी तिथूनच सुरू करावी.

काय पाहावे?

1. न कळवता, जेवणाच्या वेळी जा. ज्यांना स्वतः खाता येत नाही त्यांना कोणी शेजारी बसून भरवते का? पाण्याचा पेला हात पोहोचेल असा आहे का? म्हातारपणी तहान कमी लागते; पाणी कमी पडले की भ्रम होतो, तोल जातो.

2. रात्रीची चौकशी करा. दिवसा सगळीकडेच वर्दळ असते. रात्री किती जणांमागे किती माणसे जागी असतात? अंथरुणाला खिळलेल्यांना साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाहीतर माकडहाडावर व टाचांवर जखमा होतात. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून देतात की शांतता राहावी म्हणून, हेही विचारा.

3. संडास-बाथरूम स्वतः पाहा. धरायला दांडा आहे का, फरशी निसरडी आहे का? लघवीचा वास जसा वाईट, तसा तो झाकणारा फिनाईलचा उग्र वासही शंका आणणारा.

4. मान राखला जातो का? खोलीत शिरताना दार वाजवतात का? हाक नावाने मारतात की "ए म्हातारे"? कवळी, चष्मा, कानाचे यंत्र ज्याचे त्यालाच मिळते का? आंघोळ कधी करायची हे ठरवायला थोडीतरी मुभा आहे का?

5. करार नीट वाचा. बरेच आश्रम फक्त चालत्याफिरत्या माणसालाच घेतात. उद्या आई अंथरुणाला खिळली तर काय? अनामत रक्कम परत मिळेल का? हे आधी लिहून घ्या.

6. आईला विचारले का? तिला न सांगता बॅग भरली गेली असेल, तर सर्वांत मोठी चूक घरातच झाली आहे.

कायदा आणि आपण

आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 चा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावावर केली आणि त्याने सांभाळले नाही, तर कलम 23 नुसार न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. मदतीसाठी 14567 हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. ही माहिती घराघरांत असावी. पण बेल खिळ्याला अडकवली आहे की नाही, हे पाहायला कायदा रोज येणार नाही. ते पाहणे आपल्याकडेच राहते. ज्या वृद्धाकडे माणसे येतात-जातात, त्याची काळजी घेणाऱ्यांचाही हात सावध राहतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्याकडे कोण जाणार? आपण. धर्मग्रामातील जी आजी-आजोबा मंडळी आश्रमात आहेत, त्यांची नावे कार्यालयात द्यावीत. दोघादोघांनी मिळून भेटीला जाऊ. केळी-बिस्किटे न्यावीत, पण ती देऊन लगेच निघू नये. जरा बसावे, आणि बेल कुठे आहे ते पाहावे.

घरी बोलण्यासाठी

- आपल्या म्हातारपणी कुठे व कसे राहायला आवडेल, हे आपण मुलांना सांगितले आहे का?
- आपल्या घरातील आजी-आजोबांना रात्री हाक मारायची झाली, तर ती कोणाला ऐकू जाईल?