पारपत्राची मुदत आणि सहकुटुंब जलप्रवास : एक अभ्यास

परदेशप्रवासाचा बेत ठरला की घराघरांतून पहिली चर्चा होते ती खर्चाची, दुसरी रजेची आणि तिसरी थंडीच्या कपड्यांची. पासपोर्टचा विषय निघालाच तर 'आहे ना कपाटात' एवढ्यावर तो संपतो. पासपोर्ट असणे आणि तो त्या प्रवासाला पुरेसा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुष्कळदा बंदराच्या तपासणीखिडकीशी गेल्यावर कळते. तिथे कळून उपयोग नसतो. चार माणसांच्या कुटुंबातील एकाची मुदत अपुरी निघाली तर उरलेल्या तिघांनी जायचे की परतायचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि बोटीचे पैसे तर आधीच भरलेले असतात. प्रस्तुत लेखात पासपोर्टच्या, म्हणजेच पारपत्राच्या मुदतीचा हा प्रश्न जलप्रवासाच्या संदर्भात, मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पारपत्राची पूर्वपीठिका

पारपत्र ही आज आपल्याला अनादी वाटणारी वस्तू फार जुनी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या; त्या काळी पारपत्राची पुस्तिका ही प्रवासाची अट नव्हती. समुद्र ओलांडण्याला अडथळा होता तो समाजाचा, सरकारी शिक्क्याचा नव्हे. पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. हेरांच्या भयाने सर्वच राष्ट्रांनी सरहद्दी आवळल्या. युद्ध संपले तरी ती बंधने सुटली नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पुस्तिकेचा एक समान नमुना सुचविला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पारपत्राचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्याचा आधार असल्याखेरीज तो नाकारता येणार नाही. त्या निर्णयामुळे सरकारला कायदा करणे भाग पडले आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. पुढे मेनका गांधी यांचे पारपत्र १९७७ साली जप्त झाले, तेव्हा २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सात न्यायमूर्तींच्या पीठाने, असा हक्क काढून घेण्याची पद्धतही न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. आपल्या घटनेच्या अभ्यासात हा निकाल मैलाचा दगड मानतात. त्याचे मूळ एका पारपत्रात आहे, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

परंतु येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. हा हक्क आपल्याला आपल्या सरकारविरुद्ध आहे. आपल्या देशातून बाहेर पडण्याचा तो हक्क आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा नव्हे. सिंगापूरच्या किंवा फ्रान्सच्या अधिकाऱ्यापुढे घटनेचे २१वे कलम चालत नाही. मुदतीचा सारा प्रश्न या फटीतून जन्माला येतो.

सहा महिन्यांचा नियम कशासाठी?

पारपत्रावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. सामान्य समजूत अशी की त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत कुठेही हिंडावे. प्रत्यक्षात अनेक देश, प्रवेशाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट घालतात. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती ही आपल्याकडील प्रवाशांच्या ओळखीची उदाहरणे. युरोपातील शेंगेन राष्ट्रांचे गणित निराळे आहे. तिथून परतण्याच्या नियोजित दिवसानंतर तीन महिने मुदत उरली पाहिजे, पारपत्र गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेले पाहिजे, आणि व्हिसासाठी त्यात दोन कोरी पाने पाहिजेत.

ही अट वरवर पाहता जुलमी वाटते. चार दिवसांच्या सहलीला सहा महिने कशाला? याचे उत्तर पारपत्राच्या स्वरूपात आहे. पारपत्र हे नुसते ओळखपत्र नव्हे. ते देणाऱ्या राष्ट्राने 'हा आमचा माणूस आहे, त्याला आम्ही परत घेऊ' असे दिलेले ते वचन असते. पाहुणा आजारी पडला, अपघात झाला, परतीची बोट चुकली, वादळाने वाहतूक थांबली, तर मुक्काम लांबतो. मुक्काम लांबत असताना पुस्तिकेची मुदत सरली तर यजमान राष्ट्राच्या हाती कागद उरत नाही. म्हणून ते आधीच पुरेशी सवड मागते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, दहा वर्षांचे पारपत्र परदेशप्रवासासाठी साडेनऊ वर्षांचेच धरावे, आणि लहान मुलाचे पाच वर्षांचे पारपत्र साडेचार वर्षांचे.

जलप्रवासातील वेगळेपण

विमानाने जाणारा प्रवासी सहसा एका देशात शिरतो आणि तिथूनच परततो. क्रूझ बोटीचा प्रवासी एका आठवड्यात तीन-चार बंदरांना लागतो. प्रत्येक बंदर हा स्वतंत्र देशाचा उंबरठा असू शकतो. बोटीवरील प्रवाशांची यादी प्रत्येक बंदराकडे आगाऊ पाठविली जाते. म्हणून 'आम्ही खाली उतरणारच नाही, बोटीवरच बसू' हा युक्तिवाद टिकेलच असे नाही. वाटेतील ज्या देशाची अट सर्वांत कडक, ती संपूर्ण प्रवासाची अट समजावी, हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट म्हणजे, अडविण्याचे काम बहुधा परकीय अधिकाऱ्याच्याही आधी बोटकंपनी करते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणल्यास वाहतूक कंपनीलाच दंड करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. आपल्याकडेही २००० सालच्या कायद्याने अशा कंपनीस एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता; तो कायदा आता रद्द होऊन २०२५ च्या नव्या कायद्यात ही जबाबदारी समाविष्ट झाली आहे. त्यामुळे तपासनीसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. तो आपल्यावर उपकार करण्यासाठी कंपनीला दंडात पाडणार नाही.

तिसरी गोष्ट पुन्हा प्रवेशाची. ती उदाहरणानेच नीट कळेल. समजा, नेरूळचे एक कुटुंब १८ डिसेंबर २०२६ रोजी विमानाने सिंगापूरला उतरते, २० तारखेला बोटीत बसते, मलेशियाचे बंदर पाहते आणि २४ डिसेंबरला त्याच बोटीने सिंगापूरला परतते. वडिलांच्या पारपत्राची मुदत २०३१ पर्यंत आहे, आईची ३ जुलै २०२७ पर्यंत, आजीची २१ जून २०२७ पर्यंत आणि नऊ वर्षांच्या मुलीची ३० मे २०२७ पर्यंत. सर्वांची पारपत्रे चालू आहेत, आणि सहलीनंतरही निदान पाच महिने चालू राहणार आहेत.

आता सहा महिन्यांची फूटपट्टी लावू. पहिल्या प्रवेशासाठी १८ जून २०२७ पर्यंत मुदत हवी. वडील व आई पार झाले. आजीही तीन दिवसांनी वाचल्या. मुलगी मात्र अडकली. परंतु २४ डिसेंबरचा प्रवेश हा नवा प्रवेश आहे. त्यासाठी २४ जून २०२७ पर्यंत मुदत लागते, आणि आजींची मुदत २१ जूनलाच संपते. जाताना चाललेले पारपत्र येताना चालणार नाही. बोटकंपनी हे आधीच ताडते आणि आजींना मुळात बोटीतच घेत नाही. व्हिसाचेही असेच आहे. सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशापुरता असेल तर बोटीने परतताना तो संपलेला असतो. तो अनेक प्रवेशांचा असला पाहिजे.

या उदाहरणात मुलगी अडकली हा योगायोग नव्हे. आपल्या नियमांनुसार प्रौढांचे पारपत्र दहा वर्षांचे, तर अज्ञान मुलांचे पाच वर्षांचे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचे, यांपैकी जे आधी घडेल तितके. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचे पारपत्र मागण्याची मुभा आहे. एकाच दिवशी साऱ्या घराची पारपत्रे काढली तरी मुलांची आधी संपतात. आईवडिलांच्या तारखा पाहून मुलांच्याही तशाच असतील असे गृहीत धरणे, ही या विषयातील सर्वांत मोठी गफलत होय.

देशांतर्गत बोट आणि परदेशी बोट

आपल्या भागात समुद्रप्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत, तेव्हा चाकरमान्याला तिकीट आणि वळकटी एवढेच पुरे असे. आजही मुंबईहून गोवा वा लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटन-बोटीसाठी भारतीय नागरिकाला पारपत्र लागत नाही. सरकारी ओळखपत्र चालते, लक्षद्वीपसाठी परवाना लागतो. मुंबई बंदरातील इंदिरा गोदीजवळच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. मात्र एकाच धक्क्यावरून सुटणाऱ्या दोन बोटींपैकी एक देशी व दुसरी परदेशी बंदराला लागणारी असू शकते, आणि दोहोंचे कागद सर्वस्वी भिन्न असतात. गोव्याच्या फेरीचा अनुभव श्रीलंकेच्या फेरीला लावता येत नाही.

नेरूळकरांना या बाबतीत गुरू शोधायला दूर जायला नको. करावे येथे १९९३ पासून असलेली 'चाणक्य' ही नौकाप्रशिक्षण संस्था १९२७ च्या 'डफरिन' आणि १९७२ च्या 'राजेंद्र' या प्रशिक्षणनौकांची वारस आहे. तिथून बाहेर पडणारा नाविक पारपत्राबरोबर नाविकाचे नोंदपुस्तकही बाळगतो. त्याचा करार अनेक महिन्यांचा असल्याने मुदतीचा हिशेब करूनच तो बोटीवर चढतो. जो रोजचा समुद्रावरचा, तो तारखा आधी पाहतो. हौसेने जाणारा मात्र शेवटी पाहतो.

परदेशस्थ मराठी कुटुंबे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न आणखी गुंततो, कारण एका घरात दोन राष्ट्रांची पारपत्रे असतात. अमेरिकी बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीसाठी अमेरिकी नागरिकांना जन्मदाखला व सरकारी ओळखपत्र यांवर जाता येते. तिथे जन्मलेला नातू असा जाऊ शकेल. त्याला भेटायला पुण्याहून गेलेल्या आजी-आजोबांना मात्र ही सवलत नाही. त्यांना चालू भारतीय पारपत्र आणि अमेरिकेत पुन्हा शिरू देणारा व्हिसा, दोन्ही हवीत. शिवाय ज्याला सवलत आहे त्यानेही पारपत्र नेणे शहाणपणाचे. मधल्या एखाद्या बेटावर आजारामुळे बोट सोडावी लागली, तर विमानाने घरी परतण्यास जन्मदाखला पुरत नाही.

उपाय

उपाय सोपा आहे. तो वेळेवर केला पाहिजे, एवढेच. आपल्याकडे मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून पारपत्र नव्याने काढण्यासाठी अर्ज करता येतो. लोक याला नूतनीकरण म्हणतात, पण जुन्यावर शिक्का मारून मुदत वाढत नाही. नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते. म्हणून तिकीट आणि व्हिसा यांवर जुना क्रमांक गेला असेल तर तो बदलून घ्यावा. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पुस्तिकेत असेल तर दोन्ही पुस्तिका बरोबर न्याव्यात.

छत्तीस पानी पारपत्राचे शुल्क सध्या प्रौढांस १,५०० व अज्ञान मुलांस १,००० रुपये आहे. तात्काळसाठी आणखी २,००० रुपये पडतात. मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या संमतीचे घोषणापत्र जोडावे लागते. पत्ता बदलला असेल तर पोलीस चौकशी होते. नेरूळच्या पत्त्याची चौकशी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयामार्फत होते. भाड्याचे घर बदलत राहणाऱ्या कुटुंबांनी हा वेळ हिशेबात धरावा.

परदेशातच मुदत संपली किंवा पारपत्र हरवले, तर आपला वकिलात-विभाग मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला देतो. त्यावर घरी येता येते, पुढची सहल करता येत नाही.

वरील विवेचनाचे सार असे : प्रवास नक्की करण्यापूर्वी, म्हणजे पैसे भरण्यापूर्वी, घरातील प्रत्येकाचे पारपत्र उघडून शेवटची तारीख एका कागदावर लिहावी. त्याखाली प्रवासातील सर्वांत शेवटच्या प्रवेशाची तारीख लिहून तीत सहा महिने मिळवावेत. जे नाव या तारखेच्या अलीकडे राहील, त्याचा अर्ज आधी करावा. देशोदेशींचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या देशाच्या वकिलातीची आणि बोटकंपनीची ताजी अट पडताळून पाहावी. परदेशी जाण्याचा हक्क आपल्याला न्यायालयाने मिळवून दिला. तो वापरता येईल अशी तारीख पुस्तिकेत राखणे हे मात्र आपले आपल्यालाच करावे लागते.