शिरगणतीच्या कागदावर आपला धर्म



आपण दीक्षा घेतली, देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. परंतु देशात बौद्ध किती आहेत हे सरकारला कळते ते शिरगणतीवरून. प्रगणक दारात येऊन धर्म विचारतो, आणि आपण सांगू तेच त्याने लिहावयाचे असते.

1951 साली भारतात सुमारे 1 लाख 81 हजार बौद्ध नोंदले गेले. (त्या वर्षी जम्मू-काश्मीरमध्ये गणतीच झाली नाही, म्हणून लडाखचे बौद्ध त्यात नाहीत.) आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात तर ते जेमतेम अडीच हजार होते. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी प.पू. बाबासाहेबांनी नागपुरास दीक्षा घेतली व दिली. 1961 च्या गणतीत देशातील बौद्ध साडेबत्तीस लाख झाले. त्यांपैकी जवळजवळ 28 लाख एकट्या महाराष्ट्रातले. दहा वर्षांत एका प्रांताचे धार्मिक चित्र असे पालटल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

मग वाढ मंदावली का? त्यामागे एक भीती होती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत हिंदूच धरले जात. 1956 साली शीख आले. बौद्ध म्हणवले तर केंद्राच्या सवलती जात. मुलाच्या शिष्यवृत्तीपायी कित्येकांनी विहारात त्रिशरण म्हटले आणि कागदावर 'हिंदू महार' लिहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पोटाचा प्रश्न त्यांचा होता. महाराष्ट्र सरकारने 1960 पासून आपल्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने मात्र 1990 साली कायदा बदलला. 1981 साली 47 लाख असलेले बौद्ध 1991 साली 64 लाखांच्या घरात गेले, त्यात या बदलाचाही हात असावा.

2011 साली देशात 84 लाख बौद्ध होते, पैकी 65 लाख महाराष्ट्रात. शंभरातले 43 शहरात राहणारे. सर्व देशाचे हे प्रमाण 31. गावकुसाबाहेरची माणसे गिरणीत, रेल्वेत, कचेरीत आली, हे त्या आकड्यात दिसते. साक्षरता 81 टक्के, देशाची 73. मात्र 2001 ते 2011 या दशकात बौद्ध अवघे 6 टक्क्यांनी वाढले, देश जवळपास 18 टक्क्यांनी. शिकलेल्या घरात मुले कमी होतात, ते चांगलेच. परंतु जुनी भीती अजून कागदावर उतरत असेल तर ती आता निराधार आहे.

पुढील गणतीचा संदर्भदिन 1 मार्च 2027 असा सरकारने 2025 साली जाहीर केला. धर्माचा प्रश्न वेगळा, जातीचा वेगळा. धर्म 'बौद्ध' सांगितला तरी अनुसूचित जातीचे नाव सांगता येते. दाखला मागितला जात नाही. कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सर्वांचा, असे प्रगणकाने गृहीत धरू नये असा नियम आहे. म्हणून घरी दीक्षा न घेतलेली आजी असेल तर ती सांगेल तेच तिच्या नावापुढे येऊ द्यावे. घरातील पुरुष कामावर असताना प्रगणक आला, तर उत्तरे सून किंवा सासूच देणार. तेव्हा ही माहिती आधी त्यांना वाचून दाखवावी.