डेंटल हायजिनिस्ट : बारावी विज्ञाननंतरची एक वाट

बारावी विज्ञान झाले की आपल्या मुलामुलींपुढे डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा ठेवल्या जातात. गुण कमी पडले की घरात काळजी सुरू होते. म्हणून येथे आम्ही दोन वर्षांच्या एका पदविकेची माहिती देत आहोत.

डेंटल हायजिनिस्ट म्हणजे दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात व हिरड्या स्वच्छ करणारा आणि त्यांची निगा रुग्णाला शिकविणारा सहकारी. अमेरिकेतील ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले आणि १९१३ मध्ये चक्क गॅरेजमध्ये वर्ग सुरू केला.

दातांवर रोज बसणारा मऊ थर ब्रशने निघतो. तो राहिला तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. मग हिरडी सुजते, रक्त येते, आतले हाड झिजते व शेवटी दात हलू लागतो. हिरडीला इजा न करता हे कीटण काढणे, म्हणजेच स्केलिंग, हे या शिक्षणातील मुख्य हस्तकौशल्य. त्याने दात सैल होतात हा समज खोटा आहे. दात आधीच सैल झालेला असतो, कीटण निघाल्यावर ते जाणवते इतकेच. हे रुग्णाला पटवून देणे हाही अभ्यासाचाच भाग.

आपल्या वस्त्यांतून आजही कित्येक माताभगिनी मशेरी लावतात. ही भाजलेली तंबाखू आहे. ती व्यसन लावते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढविते. परक्या डॉक्टरचे न ऐकणारी आजी वस्तीतल्या शिकलेल्या नातीचे ऐकेल, असे आम्हांस वाटते.

बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे. या व्यवसायाची नोंदणी १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने सुरू झाली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला आहे, तेव्हा नियम चालू वर्षाचेच पाहावेत. फी भरण्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी संस्थेची मान्यता लेखी पाहावी. मान्यता नसलेल्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर नोंदणी मिळत नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आधी चौकशी करावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लहान दवाखान्यांत स्केलिंग बहुधा डॉक्टर स्वतःच करतात, त्यामुळे नोकरी शोधावी ती मोठ्या रुग्णालयांत व दंत महाविद्यालयांत. स्वतंत्र दवाखाना काढता येत नाही.

जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र निकालाआधीच तयार ठेवावे. ऐन वेळी कचेरीच्या खेपांत अर्जाची मुदत निघून जाते.