अभिनय उत्तम, तरी मन रमेना!

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही गुन्हेगारीवरची एक एकांकिका सादर केली. लेखन-दिग्दर्शन माझेच होते. मुलांनी भूमिका जीव ओतून केल्या. तरीही मध्यावर येईतो मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. "कामे सगळ्यांचीच छान झाली रे, पण कंटाळा आला," असे एका मैत्रिणीने तोंडावर सांगितले. ते मला फार लागले. अभिनय चांगला असूनही प्रेक्षक हातून निसटतो कसा? या प्रश्नाचे उत्तर मला पुढे 'ब्लॅक मास' (२०१५) या इंग्रजी चित्रपटात सापडले.

स्कॉट कूपर यांचा हा चित्रपट बॉस्टनचा कुख्यात गुंड जेम्स 'व्हाइटी' बल्जर याच्या सत्यकथेवर आधारलेला आहे. कथावस्तू विलक्षण! हा गुंड एफ. बी. आय. या अमेरिकन तपास यंत्रणेचा खबऱ्या. त्याला पाठीशी घालणारा अधिकारी जॉन कॉनोली त्याच्याच वस्तीत वाढलेला. आणि सख्खा भाऊ विल्यम राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष. जॉनी डेपचे थंड निळे डोळे आणि दबका आवाज अंगावर काटा आणतात. जोएल एडगर्टन व बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्या कामातही खोट काढता येत नाही. असे असून तासाभरात माझे लक्ष घड्याळाकडे गेले.

असे का व्हावे? वर्गात शिकलेला भरतमुनींचा रसविचार येथे उपयोगी पडतो. अनुभाव, म्हणजे भावाचे बाह्य प्रकटीकरण, नटाच्या हाती असते. परंतु तो भाव ज्या कारणाने जागा होतो तो विभाव कथानकाने पुरवावा लागतो. येथे साथीदारांच्या जबान्यांतून एकामागून एक खून सांगितले जातात. दोन-तीन खुनांनंतर पुढचा माणूस मरणार हे आपण आधीच ओळखतो. खरा पेच कॉनोलीचा आहे. कायदा की बालपणीची निष्ठा, ही निवड त्याला करायची आहे. पण त्याचे मन डळमळते कधी, हे चित्रपट दाखवतच नाही. तो घसरलेलाच आपल्याला भेटतो.

अपवाद एका प्रसंगाचा. कॉनोलीच्या घरी जेवताना बल्जर त्याचा वरिष्ठ मॉरिस याला मांसाच्या पदार्थाची घराण्यातली गुप्त कृती विचारतो. मॉरिस ती सहज सांगून टाकतो. घरचे गुपित इतक्या लवकर फोडणारा माणूस उद्या मलाही विकेल, असा रोख बल्जर धरतो आणि टेबलावर शांतता पसरते. येथे रक्ताचा थेंब नाही; पण पुढे काय होईल हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून श्वास रोखला जातो.

मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'द डिपार्टेड' (२००६) मधील टोळीनायकही काही अंशी बल्जरवरच बेतलेला आहे. तेथे पोलिसांत टोळीचा हेर आणि टोळीत पोलिसांचा हेर, असे दोघे एकमेकांना शोधत असतात. कोण आधी उघडा पडणार, हा एकच प्रश्न प्रेक्षकाला शेवटपर्यंत बांधून ठेवतो.

आता माझी एकांकिका मी पुन्हा वाचली. तिच्यातला खलनायक सुरुवातीपासून दुष्ट आणि शेवटीही दुष्टच. त्याला कोठेच काही निवडावे लागत नव्हते. दोष नटांचा नव्हता, माझ्या लेखणीचा होता. तालमीनंतर ज्या मित्रांना मी "अजून जोर लावा" म्हणून रागावलो, त्यांची येथे मनापासून क्षमा मागतो.