जुना कॉम्प्युटर घ्यावा की घेऊ नये?

आधी एक कबुली देते. मी बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तरी यंदा मराठी विभागातच लिहायचं ठरवलं, कारण हा लेख ज्यांच्यामुळे सुचला ते माझे काका अंकाचा इंग्रजी विभाग उघडणारसुद्धा नाहीत.

काका धाडला असतात. बुलडाण्याहून भोकरदनकडे जाताना लागतं ते घाटावरचं धाड. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले होते. काकांनी चहा हातात दिला आणि लगेच मोबाइलवरचा एक फोटो समोर धरला. "अवं, तू इंजिनिअर होऊन राहिली ना? मंग सांग, घेऊ का हा?"

फोटोत डेल कंपनीचा काळा ऑप्टिप्लेक्स, एक १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस. किंमत साडेनऊ हजार. ओळखीचा एक जण शहरातून आणून देणार होता. माझा धाकटा चुलतभाऊ सिव्हिल डिप्लोमाला लागला आहे आणि कॉलेजातल्या सरांनी ऑटोकॅडचा सराव घरी करायला सांगितलाय. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर तीस हजारांच्या पुढे जातं. सोयाबीन पावसाने खाल्लं होतं. हातात होते ते मिरचीचे पैसे, आणि त्यातून काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशनही करायचं होतं.

खरं सांगू? मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला मला चांगले मार्क होते. ८०८६ ची पिन डायग्राम झोपेतही काढीन. पण समोरचा डबा साडेनऊ हजारांना घ्यावा की नाही, हे मला सांगता येईना! त्यातून आमचा अनुभव वाईट. मी दहावीत असताना आमच्या घरी असाच एक जुना घेतला होता. चार महिन्यांत तो बंद पडला आणि विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं. म्हणून काकांना म्हटलं, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत जे वाचलं, विचारलं, तेच इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट, "आय-फाइव्ह आहे, आय-फाइव्ह!" या वाक्याला भुलू नका. विकणारा एवढंच सांगतो. आय-फाइव्ह हे २००९ पासून चालत आलेलं नाव आहे, आणि २०१० चा आय-फाइव्ह व २०१८ चा आय-फाइव्ह यांत बैलगाडी आणि ट्रॅक्टरएवढा फरक पडतो. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. आय५-४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, ती २०१३ ची. आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, २०१८ ची. आकडा तीनच अंकी असेल, उदाहरणार्थ आय५-६५०, तर ती पहिली पिढी समजा आणि नमस्कार करून निघा. चौथ्या पिढीच्या त्या प्रोसेसरला चार कोअर, आठव्या पिढीच्या याला सहा. आणि एवढं जास्त काम करूनही याची वॅटेज मर्यादा कमी, ८४ वॅटऐवजी ६५. फोटोतला ऑप्टिप्लेक्स चौथ्या पिढीचा निघाला.

मग चौथी पिढी टाकाऊ का? नाही हो. इथेच माझी गडबड होत होती. मी मशीनकडे बघत होते, कामाकडे बघत नव्हते. भाऊ जर कॉम्प्युटर शाखेचा असता आणि त्याला सी, पायथन, थोडं वेब एवढंच करायचं असतं, तर मी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. ८ जीबी रॅम, एक एसएसडी, त्यावर उबंटू लिनक्स टाकायचं. ते फुकट मिळतं, अपडेट येत राहतात, आणि तेरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर त्यावर अजून मजेत चालतो. पण आपला गडी सिव्हिलचा. ऑटोकॅड लिनक्सवर मिळत नाही, त्याला विंडोज लागतं. आणि विंडोज म्हटलं की गाडी अडते. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय. चौथ्या पिढीवर जुगाड करून विंडोज ११ टाकणारे आहेत, पण ते उद्या अपडेट घेईल की नाही याची हमी कंपनी देत नाही. डिप्लोमाची तीन वर्षं जुगाडावर काढायची?

याच तारखेमुळे आणखी एक गंमत झाली. कंपन्यांनी, बँकांनी विंडोज ११ न चालणारी मशीन ढिगाने काढून टाकली आणि ती सगळी सेकंडहँड बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून (कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग) ते तालुक्याच्या दुकानापर्यंत. "एवढा स्वस्त कसा?" याचं उत्तर हे आहे. मशीन बिघडलंय म्हणून स्वस्त नाही, कंपनीला नकोसं झालंय म्हणून स्वस्त.

दुसऱ्यांना नकोशी झालेली मशीन आपल्याकडे येण्याचा प्रकार नवा नाही बरं का. आमच्या एका सरांनी सांगितलेला इतिहास आहे. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ नावाचा कॉम्प्युटर काढला. खोलीभर मशीन, आणि मेमरी जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची! पुढे परदेशात नवी मॉडेल आली तेव्हा वापरून झालेले १४०१ आयबीएमने भारतात आणले, मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त केले आणि इथल्या कंपन्यांना व सरकारी संस्थांना भाड्याने दिले. त्यावर पुष्कळ टीका झाली. टीकेचा रोख मशीन जुनं असण्यावर होता तसाच भाड्यावरही होता. जुन्या मालाला भलतं भाडं, आणि दुरुस्तीसाठी सगळा भरवसा एकाच कंपनीवर. १९७३ च्या फेरा कायद्यानंतर मालकीच्या वाट्यावरून सरकारशी वाद झाला आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली. तिची इथली मशीन सांभाळायचं काम मग सीएमसी या सरकारी कंपनीने उचललं. सर हे सांगत होते तेव्हा मी मागच्या बाकावर डबा खात होते. धाडच्या ओसरीवर मात्र ते नेमकं आठवलं. कारण काकांना मी विचारलं, "बिघडला तर कोण दुरुस्त करणार?" आणि काका गप्प झाले.

तर दुसरा प्रश्न हाच. यातलं काय बदलता येतं आणि काय नाही? हार्डडिस्क बदलता येते, आणि बदलावीच. जुन्या मशीनला एसएसडी लावली की ते तरुण होतं, हे मी हॉस्टेलवर डोळ्यांनी पाहिलंय. रॅम वाढवता येते, पण चौथ्या पिढीला डीडीआर३ लागते आणि आठवीला डीडीआर४. एकीची दुसरीत बसत नाही, खाचच वेगळी असते. म्हणजे जुन्यात घातलेली रॅम पुढच्या मशीनला उपयोगी नाही. प्रोसेसर पुढच्या पिढीचा बसवू म्हणाल तर तेही जमत नाही, त्यासाठी मदरबोर्डच बदलावा लागतो. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे एसएमपीएस. या ब्रँडेड छोट्या डब्यांमध्ये कंपनीची खास एसएमपीएस असते, तिची पिनच निराळी. बुलडाण्याच्या दुकानात मिळणारी साधी एसएमपीएस त्यात बसत नाही. आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर नेमका यातच गेला होता. दोष एका पार्टचा, आणि भंगारात सगळाच गेला.

ही एसएमपीएसची अडचण आठव्या पिढीच्या ऑप्टिप्लेक्सलाही आहे, हे लपवत नाही. म्हणून मी काकांना दोन अटी सांगितल्या. मशीन आठव्या पिढीचं बघायचं, आणि तीन महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून घ्यायची, तीही "एसएमपीएससहित" असा शब्द घालून. आठव्या पिढीचा भाव निघाला पंधरा हजार. साडेपाच हजारांचा फरक! काका म्हणाले, "काऊन एवढे जास्त द्यायचे? डबा तर सारखाच दिसते." दिसायला खरंच सारखाच होता. मी हिशोब मांडून दाखवला. साडेनऊ हजारवाला वर्षा-दीड वर्षात बदलावा लागला, तर ते पैसे गेल्यात जमा. पंधरा हजारवाला डिप्लोमा संपेपर्यंत पुरला, तर वर्षाला पाच हजार. काकूंनी ओट्याजवळून सांगितलं, "डोळ्याचं थंडीनंतर करू." मला ते ऐकून बरं वाटलं नाही. हिशोब बरोबर होता, पण तो कुणाच्या खिशातून जात होता हेही दिसत होतं.

बघायला मी स्वतः गेले, भावाला घेऊन. दुकानात मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं. हे हमखास करतात. थंड मशीन सुरू होताना जो नखरा करतं तो गरम असताना लपतो. म्हणून ते बंद करायला लावलं आणि आम्ही समोर जाऊन पोहे खाऊन आलो. परत आल्यावर सुरू केलं, झालं. तारीख-वेळ बरोबर होती, म्हणजे आतली गोल बॅटरी ठीक. (ती गेली असली तरी घाबरू नका, सीआर२०३२ कुठेही मिळते.) बायोसला पासवर्ड नव्हता. ऑफिसच्या मशीनला तो राहून गेलेला असतो, आणि मग डोकेदुखी होते. मागे चिकटवलेला सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला, तर मशीन २०१८ मध्ये कोणत्या प्रोसेसरसह निघालं ते कळलं. आपला आणि त्यांचा आकडा जुळला. झाकण उघडून कपॅसिटर पाहिले, एकही फुगलेला नव्हता. धूळ मात्र पोतंभर!

शेवटी पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू करून डिस्कची माहिती काढली. चालू राहिल्याचे तास ३१,०००. वर्षाचे तास असतात ८,७६०. म्हणजे ती डिस्क साडेतीन वर्षं न थांबता फिरली होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे कुणी बघत नाही." मी म्हटलं, आम्ही बघतो. त्यावर त्याने हजार रुपये कमी केले. त्यात थोडी भर घालून आम्ही नवी एसएसडी घातली. रॅम ८ जीबीच आहे. ऑटोकॅडची तीच किमान अट, त्यामुळे सध्या ढकलतोय. विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट मिळतं, त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र अपलोड करावं लागतं. हे भावाला माहीतच नव्हतं, तो पायरेटेड सीडी शोधत होता.

धाडला आणल्यावर एक गोष्ट माझ्या यादीत नव्हती ती समोर आली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. भावाला वाटलं, मशीनच खराब. मशीन चांगलं होतं, भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. तिसरं भोक नुसतं शोभेला! काकांनी वायरमन बोलावला, अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं. आता फ्रिजला हात लावल्यावर काकू ओरडत नाहीत, हा वरचा फायदा.

लाइट गेली की काढलेलं ड्रॉइंग जातं, एवढी तक्रार अजून आहे. दर पाच मिनिटांनी सेव्ह कर असं मी भावाला सांगून आले आहे. यूपीएस मिरचीच्या पुढच्या तोड्याला घेऊ, असं काका म्हणाले आहेत.