वाचकांचे प्रश्न : माग स्वतःचा, कर्जही स्वतःच्या नावावर

प्रश्न : मी येवला तालुक्यातील एका खेड्यात राहते. कर्णबधिर आहे, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे आहे. अनेक वर्षे दुसऱ्याच्या मागावर मजुरीने पैठणी विणते. आता स्वतःचे माग घ्यायचे आहेत. महिला आणि दिव्यांग म्हणून मला दुप्पट अनुदान मिळेल का? घरचे म्हणतात, कर्ज पतीच्या नावाने घे.
— एक भगिनी, येवला

उत्तर : ताई, अनुदान दुप्पट होत नाही. राज्यात २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू आहे. त्यात महिला आणि दिव्यांग दोघेही विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. समजा माग, रेशीम आणि जरीचा धागा मिळून ४ लाखांचा प्रकल्प झाला, तर तुमचे २० हजार, अनुदान १ लाख ४० हजार आणि बँकेचे कर्ज २ लाख ४० हजार. मात्र अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असेल तरच कर्जात वळते होते.

दुहेरी ओळखीचा उपयोग दुसरीकडे आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३७ नुसार दारिद्र्य निर्मूलन आणि विकास योजनांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यातही महिलांना प्राधान्य. अर्जात दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा.

मंजुरीपूर्वी माग विकत घेऊ नका. योजना नव्या उद्योगासाठी आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र), प्रकल्प अहवाल, मागांचे दरपत्रक आणि गावाच्या लोकसंख्येचा दाखला जोडून ऑनलाइन अर्ज करा. अडचण आली तर नाशिकच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. योजनेतील उद्योजकता प्रशिक्षणात सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा लेखी टिपणे हक्काने मागा.

पतीच्या नावाने अर्ज करू नका. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो. त्यांनी घेतला की तुमची संधी गेली. कला तुमच्या हातात आहे, तर माग, कर्ज आणि बँक खातेही तुमच्याच नावावर हवे. एजंटाला एक रुपयाही देऊ नका, अर्ज स्वतः भरा.